सहा बोटं उंच मोटार आणि आईचं माहेर

मोठ्या मामांचा निरोप आला, त्या दिवशी आई जेवली नाही. मामांची नजर अंधुक होत चालली होती. ‘तुझं तोंड दिसतंय तवर येऊन जा,’ एवढाच निरोप. आईनं सोळा वर्षांत माहेर पाहिलं नव्हतं. मेढ्यापुढचे चार मैल गाडीवाटेचे, बैलगाडीचे धक्के तिच्या गुडघ्यांना सोसत नसत. डोलीचं नाव काढलं की म्हणायची, चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं.

माझ्याकडे एका वकिलांनी विकलेली जुनी, बंद टपाची मोटार होती. रुबाबदार, पण पोट जमिनीलगत. गाडीवाटेला दोन चाकोऱ्यांच्या मधे जो उंचवटा असतो, त्यावर ती बसली असती तर उठली नसती. म्हणून ती सांगलीतल्या हमीदमिस्त्रींकडे नेली. टांग्यांचे आणि लॉऱ्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या पोलादी कमानी, बनवण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “मालक, बसनार किती जण?”

मी म्हटलं, सात. खरं तर आम्ही तिघंच जाणार होतो, मी, बायको आणि आई. पण आपल्याकडे माणसं किती, असं विचारलं की चार जास्तच धरायची सवय असते.

मिस्त्रींनी लष्करी लॉरीच्या भंगारातल्या पोलादी पट्ट्या काढल्या, भट्टीत लाल केल्या आणि घणानं बाक दिला. हातात ना फूटपट्टी, ना कागद. एक डोळा मिटून पाहायचे आणि पुन्हा ठोकायचे. जुन्या पाट्यांत या पट्ट्या घालून मोटार जमिनीवर उतरवली, तर ती चांगली सहा बोटं वर उभी. दुकानातलं कुत्रं खालून सहज चालत गेलं.

जपून ठेवलेली रेशनच्या पेट्रोलची कुपनं घेऊन मार्गशीर्षात निघालो. सांगली, इस्लामपूर, कऱ्हाड आणि साताऱ्यात मुक्काम, असा बेत. तुम्ही जाणार असाल तर कऱ्हाडला जेवून घ्या. सहा आण्यांत भाकरी, पिठलं आणि मडक्यातलं दही पोटभर मिळतं. मला मात्र घास गोड लागेना. मोटार दगडासारखी ताठ झाली होती, प्रत्येक खड्ड्याला टणाटण उडत होती. आई ओठ आवळून बसलेली. मनातल्या मनात मी मिस्त्रींचा उद्धार करत होतो.

दुसऱ्या दिवशी मेढ्याचा रस्ता धरला. वेण्णेचं खोरं समोर आलं आणि मी मोटार थांबवली. दोन्ही अंगांना डोंगरांच्या भिंती, खाली कापणी झालेली खाचरं, आणि त्यातून उन्हात चमकत जाणारी नदी. एवढं मोठं, एवढं शांत काही मी पाहिलं नव्हतं. आई हे सोडून सांगलीच्या सपाटीला आली, आणि मी तिला कधी काही विचारलंसुद्धा नाही, याची लाज वाटली.

मेढ्यात पोचेपर्यंत तिचे गुडघे सुजले होते. मी म्हटलं, परत फिरू. ती शांतपणे म्हणाली, “मला हितंच सोड. मी सरपटत जाईन.”

तेव्हा बायको म्हणाली, “अहो, मिस्त्रींना तुम्ही सात सांगितलेत ना? मग तिघांच्या वजनानं तो पाटा वाकेल कसा?”

मी कपाळाला हात लावला. बाजाराचा दिवस होता. आईच्या माहेरच्याच चार बायका डोक्यावर गाठोडी घेऊन परत निघाल्या होत्या. आधी त्या लाजल्या, मग आईला ओळखलं आणि गाठोड्यांसकट आत बसल्या. मोटार अलगद खाली बसली, आणि काय सांगू, तीच मोटार झोपाळ्यासारखी चालू लागली. मधला उंचवटा पोटाखालून जात होता, कुठे घासलं नाही. डोळा मिटून बघणाऱ्या त्या माणसानं सात जणांचं वजन बरोबर जोखलं होतं. मी मनोमन हात जोडले.

मामा अंगणात उभे होते. आई कुणाचा हात न धरता उतरली. मामा तिच्याजवळ आले. “मुक्ते, अशी उन्हाकडं तोंड कर.”

तिनं केलं. मामा बघत राहिले, बराच वेळ.

“म्हातारी झालीस गं.”

“तू तरी कुठं तरणा हाईस, दादा,” आई म्हणाली आणि रडू लागली. माझ्या आयुष्यात मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

परतताना वजनासाठी गावानं तांदळाची पोती दिली. मेढ्यापर्यंत म्हणून मामाही बसले. मेढ्याला मी दार उघडलं, तर आईनं त्यांचा हात सोडला नाही आणि मामाही उतरले नाहीत. मी दार लावून घेतलं.

फाल्गुनात आमच्याच घरी त्यांची नजर पुरती गेली. तोवर रोज सकाळी चहा झाला की ते आईला अंगणात बोलावायचे आणि उन्हात बसवून पाहून घ्यायचे. आता दिसत नाही. तरी आई रोज सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसते, उन्हाकडं तोंड करून.