मामांना सांगायचं नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. "काय, घरचं कसं काय?" दूधवाल्याला विचारतात, डॉक्टरला विचारतात, चुकून फोन लागलेल्या माणसालाही विचारतात. ताई म्हणायची, "एकदा आतल्या खोलीतून बाहेर आले आणि मलाच विचारलं, घरचं कसं काय! मी म्हटलं, अहो, घर हेच, आणि घरची मीच. बघा की डोळे उघडून."

पण या प्रश्नावरच त्यांची नोकरी उभी होती. पंख्यांच्या कंपनीत फाटकाशेजारच्या खोलीवर 'कामगार कल्याण' अशी पाटी आहे, ती खोली भाऊजींची. खोलीत टेबल आहे, पण त्याच्यामागे ते कधी बसले नाहीत. टेबल मध्ये आलं की माणूस खरं बोलत नाही, असं त्यांचं मत. ते पुढच्या बाकावर, आलेल्या माणसाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसायचे, चहा मागवायचे आणि विचारायचे. कोणाच्या बायकोचं बाळंतपण अवघड आहे, कोणाचा मुलगा परीक्षेत आपटलाय, कोणाची आई रात्रभर खोकते, सगळं त्यांना ठाऊक. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. आमचे हे तिथेच वाइंडिंग खात्यात, मोटारीत तांब्याची तार गुंडाळतात. नात्याने साडू, पण सवयीने हेही घरीदारी मामाच म्हणतात. मी म्हणायचे, "तुमचे ते मामा, मग माझी ताई तुमची मामी झाली. आणि मी कोण लागते तुमची, ते एकदा ठरवून घ्या."

आता आपल्या माणसांची एक खोड आहे. 'कसं काय' म्हटलं की तोंडातून 'मजेत' हाच शब्द बाहेर पडतो. हात मोडून गळ्यात बांधलेला असो, घरात भांड्यांची आदळआपट चालू असो, उत्तर ठरलेलं. मजेत! झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं काय ते पुढच्या दोन घोटांनंतर येतं, आलं तर. आणि भाऊजींचा हिशेब असा, की जो मजेत म्हणाला आणि चहा संपवून उठून गेला, त्याचं खरोखरच मजेत चाललंय. शहाण्या माणसाचा एवढा एकच हिशेब कच्चा होता, आणि नेमका तोच त्यांना नडला.

मंदी आली. लोक घरं बांधेनात, मग पंखे तरी कशाला घेतील? गोदामात खोकी छताला लागली. आधी जादा काम बंद झालं, मग एक पाळी बंद झाली, मग कँटीनमधली आमटी पातळ झाली. यांच्या खात्यात तारेची रिळं तशीच पडून राहायची, आणि हे घरी येऊन उगाच माझे दोरे गुंडाळत बसायचे. एक दिवस मालकांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि भाषण केलं. म्हणाले, कंपनी म्हणजे कुटुंब. माणसं कमी करावी लागणार, पण आम्ही इतरांसारखं डोळे मिटून कुऱ्हाड चालवणार नाही. ज्याच्या घरात दुसरं कोणी कमावतंय, ज्याच्या घराला झेपेल, त्यालाच फक्त थांबायला सांगू. हातावर पोट असलेल्या एकालाही धक्का लावणार नाही.

ऐकायला किती गोड! मलासुद्धा न्यायाचं वाटलं. भाऊजी तर त्या संध्याकाळी आमच्याकडे आले ते छाती फुगवूनच. म्हणाले, "बघ, मालक असावा तर असा. आणि आमच्या मॅनेजर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, मामा, कोणाच्या घराला झेपेल ते आम्हाला काय कळणार? तुम्ही घरंघर ओळखता. तुम्ही सांगाल ते."

भाऊजींनी सांगितलं. मनात काळंबेरं काही नव्हतं. जे जे मजेत म्हणाले होते, ते सगळे गेले.

त्यांत रंगखात्यातला एक म्हातारा होता. मुलगा मोठ्या नोकरीवर आहे, असं सगळ्यांना सांगायचा. त्या मुलाची नोकरी कधीच सुटली होती, तो घरात तोंड लपवून बसला होता, आणि बाप लाजेपोटी मजेत म्हणत होता. दुसऱ्या एकाने भावाच्या दुकानाच्या बढाया मारल्या होत्या, तेही बुडालेलं. शेवटच्या दिवशी तो रंगवाला भाऊजींच्या खोलीच्या दारात उभा राहिला. शिवी नाही, आवाज नाही. नुसता हसला आणि म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही तुम्हाला मामा म्हणत होतो. पण मामा आम्हीच बनलो की हो!"

भाऊजी धावत साहेबांकडे गेले, माझी चूक झाली म्हणाले. साहेबांनी त्यांना पाणी दिलं. साहेब वाईट माणूस नाही हो, हेच तर दुखणं. वाईट असता तर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. तो शांतपणे म्हणाला, "मामा, गेलेल्याला परत घेतलं तर सगळेच परत येतील. आणि पुढच्या वेळी नीट विचारून घ्या." त्याच आठवड्यात फाटकावर मोठा फलक लागला, 'संकटातही एकाही कुटुंबाला वाऱ्यावर न सोडणारी कंपनी.' वर चार दिवे, दिवसाही जळणारे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे, आणि वर केसाला सुगंधी तेल.

मग काय, कंपनी शहाणी झाली. भाऊजी कँटीनमध्ये ज्या बाकावर बसतील तो बाक रिकामा व्हायचा. मामा शेजारी बसले की माणूस गेला, अशी म्हणच पडली. आणि टाळता आलं नाही तर जो तो रडगाणं लावायचा. एकाएकी सगळ्या कारखान्याच्या बायका आजारी पडल्या. धडधाकट पोरं नापास झाली. एका लेथवाल्याने तर जिवंत सासऱ्याला मारून टाकलं, आणि तो सासरा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फाटकावर हजर! हे घरी येऊन सांगायचे आणि मी पोट धरून हसायचे. पण ताई सांगायची, भाऊजी जेवताना मान वर करत नाहीत. ज्या माणसाला कंपनीतल्या प्रत्येक बारशाची बातमी आधी मिळायची, त्याला आता कोणी साधं खरंही सांगत नव्हतं.

पुढे दुसरी यादी निघाली आणि तिच्यात आमचे हे निघाले.

का? तर बायकोचं शिवणकाम जोरात आहे. हे खुद्द यांचेच शब्द, मंदीच्या सुरुवातीला साहेबांसमोर चारचौघांत मारलेली फुशारकी. खरं म्हणजे मला काम देणारं तयार कपड्यांचं दुकान तेव्हाच बंद पडलं होतं आणि माझ्या मशीनवर इस्त्रीचे कपडे रचलेले असायचे. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. यांचा पगार थांबला असता तर तिला तिथूनच परत आणावं लागलं असतं. मी यांना म्हटलं, "जोरात आहे म्हणे! काय जोरात आहे? तुमची जीभ?" हे म्हणाले, "अगं, चार माणसांत कसं सांगायचं..."

भाऊजींना मात्र माझ्या मशीनची खरी अवस्था माहीत होती. ते साहेबांकडे गेले. पुढचं सगळं त्यांनी मला आमच्या स्वयंपाकघरात, दाराला टेकून, उभ्यानेच सांगितलं. बस म्हटलं तरी बसले नाहीत. कोणाच्या शेजारी बसायची त्यांना धास्तीच बसली होती.

"साहेब म्हणाले, साडू आहे म्हणून बोलताय ना, मामा?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साडू आहे म्हणूनच खरं माहीत आहे. तर म्हणाले, ठीक, काढा नाव. पण आकडा ठरलेला आहे. एक काढाल तर एक घालावं लागेल."

"मग?"

"मी माझं घातलं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. "ताईला विचारलंत?"

"नाही. पण ते घेतलंच नाही गं त्यांनी. हसले. म्हणाले, मामा, तुम्ही गेलात तर उरलेल्यांशी बोलणार कोण? माझ्याच हाताने लिहिलेलं नाव त्यांनी माझ्यासमोर खोडलं."

"तर मग सोडा की नोकरी! थुंका तिच्यावर!"

"सोडली तर घर सोडावं लागेल. कंपनीचं घर आहे. तुझ्या ताईला त्या गुडघ्यांनी कुठे नेऊ? आणि मी गेलो तर माझ्या खुर्चीत जो येईल तो कोणालाच ओळखत नसेल. तो नुसती बोटं ठेवत जाईल नावांवर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग. कोणाचं नाव घालू?"

मी आयुष्यात कोणाला उत्तर द्यायला चुकलेले नाही. त्या दिवशी मात्र पोळी करपली तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत, आणि त्यांच्या मागोमाग आमचीही. 'कोणाचंही घाला, यांचं काढा,' हे माझ्या अगदी ओठांवर होतं. भाऊजींना ते न बोलताच समजलं असावं. इतकी वर्षं बाकावर बसून न बोललेलंच तर ऐकत आले होते.

त्यांनी मशीनखात्यातल्या एका टर्नरचं नाव घातलं. त्या टर्नरची मुलगी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती, आणि सगळे तोंडाला कुलूप लावून बसले असताना हा एकटा भोळा माणूस मामांकडे आला होता. आनंद पोटात मावेना म्हणून, आणि इतक्या वर्षांची सवय म्हणून. आधी मामांना सांगायचं, मग घरच्यांना. ते सांगणं भाऊजींनी चार लोकांआधी ऐकलं आणि साहेबांपुढे मांडलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. नियमाप्रमाणे टर्नरच्या घराला झेपणार होतं. फक्त बाप-लेकीचं बोलणं त्या दिवसापासून तुटलं, कारण घरी बसलेला बाप म्हणायचा, तुझ्या नोकरीने माझी खाल्ली.

आमचे हे राहिले. मुलगी शिकली. मी पोळ्या लाटत राहिले.

आमच्या मुलीबद्दल एवढंच सांगते, की भाऊजी आणि ताईला मूल नाही. तिला सायकल भाऊजींनी शिकवली, मागे धावून धावून. दहावीला तिचा निकाल आणायला ते गेले होते, आणि आम्हाला सांगायचं सोडून रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले. ती नर्स होणार हे त्यांनी तिच्याआधी ठरवलं होतं. ती त्यांना काका म्हणते, आणि काकांचा शब्द तिला आमच्यापेक्षा मोठा.

ती पास झाली आणि मोठ्या इस्पितळात लागली. नेमणुकीचं कळलं तेव्हा ती नाचलीच. "काकांना फोन लावते!" म्हणाली. यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"मामांना सांगायचं नाही."

"का?"

हे खाली बघत म्हणाले, "तिसरी यादी होणार आहे."

मी खवळले. म्हटलं, "अहो, ज्या माणसाने तुम्हाला वाचवलं, त्याच्यापासून लपवायचं? लाज वाटते का?"

"वाटते," हे म्हणाले. "पण त्यांना कळलं तर ते कुठे ठेवतील ते? साहेबांनी विचारलं तर खोटं बोलतील? टर्नरच्या वेळी बोलले?"

टर्नरचं खरं सांगितलं म्हणून आमची चूल पेटत होती. आता आमचंही खरंच सांगावं लागलं असतं. मुलगी दोन दिवस जेवली नाही. ताईला फोनवर मीच सांगितलं, अजून शोधतेय गं, मंदी आहे ना. सख्ख्या बहिणीशी खोटं! त्या मालकाच्या दिव्यांखाली नेऊन मला कोणी उभं करावं, मी त्या फलकावर काय लिहायचं ते सांगते.

रविवारी सकाळी भाऊजी न सांगता आले. हल्ली ते येत नसत, म्हणून आम्ही बेसावध होतो. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिचा तो पांढरा गणवेश, खिशावर इस्पितळाचं नाव दोऱ्याने भरलेला, दोरीवर सर्वांच्या पुढे टांगलेला.

भाऊजी फाटकात थांबले. त्यांनी खिशावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा गेल्या कित्येक महिन्यांत मी पाहिला नव्हता. हात वर गेले, तिला हाक मारायला तोंड उघडलं. आणि मग ते तसेच थांबले. हात खाली आले. त्यांनी कपड्यांकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी इकडून सहज चाललो होतो. थांबत नाही."

"काका!" हातातला ओला टॉवेल टाकून मुलगी धावली. बापाची ताकीद, माझी ताकीद, सगळं विसरून. "काका, ऐका ना, मला—"

भाऊजी वळले आणि त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. चांगला घट्ट. तिचे डोळे मोठे झाले. मी दारातून बघत होते.

"बोलू नकोस बाळा," ते म्हणाले. "बोललीस तर मला कळेल गं."