शंकेला कोड नसतो

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. कारण सांगायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसलो. शीळफाट्याजवळच्या आमच्या ऑफिसात आम्ही विम्याच्या बिलांसाठी अमेरिकेतल्या रुग्णांच्या आजारांना कोड द्यायचो. कासव चावलं तर त्यालाही स्वतंत्र कोड होता. मी टीम लीडर, म्हणजे स्वतः कमी काम करून इतरांना ‘आटपा’ म्हणणारा.

आमचं काम तपासायच्या मानपाड्याच्या गायकवाड मॅडम. डॉक्टरने तपशील दिलाच नाही तर ‘एनओएस’. दिला, पण कोडच्या पुस्तकात त्याला जागा नाही तर ‘एनईसी’. मी म्हणायचो, "मॅडम, तीन अक्षरं तर आहेत, टाका कुठलीही."

"अहो पाटील, एकात डॉक्टर कमी पडला, दुसऱ्यात पुस्तक. उगाच भलत्याच्या गळ्यात का घालता?"

ओपीडीच्या कागदावर आजाराची नुसती ‘शक्यता’ लिहिलेली असेल, तर आजाराचा नाही, लक्षणाचा कोड द्यायचा, हा नियम त्या कधी सोडत नसत. "शंका त्या डॉक्टरला आहे. आपण डोंबिवलीत बसून तिची खात्री कशाला करायची?"

एकदा त्या रजेवर होत्या. त्यांचा पासवर्ड माझ्याकडे होता. एका ट्रकचालकाच्या कागदावर ‘चक्कर, फिट्सची शक्यता’ होतं. चक्कर लिहिली की वरून प्रश्न येतात, म्हणून मी सरळ फिट्सचा आजार टाकला आणि मॅडमच्या नावाने फाईल पास केली. नोंदीत फिट्स दिसल्यामुळे त्या माणसाचं ट्रक चालवणं बंद केलं गेलं. तक्रार आली. बैठकीत साहेबांनी मॅडमचं नाव घेतलं. मी मान खाली घालून वहीत चौकोन काढत राहिलो. चौदा वर्षं इतरांचं काम तपासणाऱ्या बाईंना शिकाऊंच्या रांगेत बसवलं. त्याच आठवड्यात आम्ही केक कापून ‘गुणवत्ता सप्ताह’ साजरा केला.

महिनाभराने मी त्यांच्या घरी गेलो. "मॅडम, ती फाईल मी पास केलेली."

"माहितीये. मी भाचीच्या हळदीत होते त्या दिवशी. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, लॉगिन तुमचं. पासवर्ड दिला ही माझी चूक, तेही सांगितलं त्यांना."

"मला माफ—"

"इथे नको. चहा घ्या आणि जा. माझं नाव जिथे घेतलं, तिथे बोला."

सोमवारी सगळे जमल्यावर मी उभा राहिलो. "ट्रकचालकाची फाईल मॅडमनी नाही, मी पास केली. दुरुस्ती आज सकाळी पाठवली आहे."

"बसा पाटील, नंतर बघू," साहेब म्हणाले.

मी बसलो नाही. शेवटच्या, शिकाऊंच्या रांगेकडे वळलो.

"मॅडम, कोड चुकीचा आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. मला माफ करा."