रविवारी न उघडलेले मेल

आमची धाकटी चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू बसवते, काचा घासते, आणि घरी आली की खिडकीपासून लांब बसते. माझी सख्खी बहीण. नवऱ्याला सोडून आली, कुठे जातेय ते न सांगता. सापडलीस तर जिवंत ठेवणार नाही, असं त्याने बजावलंय. तिच्या मानेवरचा व्रण बघितला की माझं टाळकं सटकतं.

मेल यायचे त्याचे. "आई आठवण काढते." "घर खायला उठतं." ती वाचायची, उत्तर द्यायची नाही.

"अगं, कशाला वाचतेस मेल्याचं? बंद करून टाक!"

"ताई, त्याचा राग कुठवर आलाय ते कळायला नको?"

एकदा दुकानात रेंज धड नव्हती. मेलमधली चित्रं उतरलीच नाहीत, आणि दोन ओळींच्या खाली एक इवलीशी रिकामी चौकट दिसली. धाकटीने ती लगेच ओळखली. गिऱ्हाइकांना नव्या फ्रेमच्या जाहिराती तीच पाठवते, आणि त्यांतही असंच एक चित्र असतं, ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं. मेल उघडला की ते चित्र उतरतं आणि पाठवणाऱ्याला कळतं, कधी उघडला, साधारण कुठल्या गावात उघडला. तिने फोनवर चित्रं कायमची बंद केली आणि जुने मेल धुंडाळले. त्यांत चौकट नव्हती. खोड नवीन होती, वाचलो.

आमचे हे लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतात, शनिवार-रविवार तेवढे घरी. धाकटीला म्हणाले, "तुझा जुना फोन दे माझ्याकडे. वाटेत उघडत जातो त्याचे मेल, चित्रांसकट. फिरू दे बेट्याला गावोगाव!"

धाकटीला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. पूल ओलांडून आमच्या गावात शिरायच्या आधी मात्र तो फोन बंद करायचा, हे पक्कं ठरलं.

आणि तो खरंच फिरायला लागला. त्याने लिहिलं, "काल तू होतीस त्या गावच्या स्टँडवर दिवसभर उभा होतो. पाठमोरी एक बाई अगदी तुझ्यासारखी होती. घरापर्यंत गेलो तिच्या मागे. तू नव्हतीस."

ह्यांचं हसणं तिथेच थांबलं. धाकटीने हातातला कप खाली ठेवला.

"ताई, त्या बाईला त्याने काही केलं नसेल ना गं?"

मलाही तीच भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

मग तो रविवार. ट्रक दारात उभा, हे जेवत होते, जुना फोन बंद करून कपाटात. धाकटीच्या फोनवर मेल आला. तिने वाचला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"शनिवार-रविवारी तू कधीच वाचत नाहीस. शुक्रवारी शेवटचा मेल पुलाच्या अलीकडच्या गावात उघडतेस, सोमवारी पहिला पुन्हा तिथेच. पुलापलीकडे एकच तर गाव आहे."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी धावत जाऊन कडी लावली.

धाकटी अजून स्क्रीनवरच बघत होती. बोटाने मेल खाली-वर करत होती.

"ताई," ती म्हणाली, "ह्याच्याखाली चौकट नाहीये. आता त्याला ती लागतच नाही."