एक जूनवाले

जळगावच्या आमच्या ऑफिसात वृद्धांचे पेन्शनचे अर्ज पारखणारा प्रोग्राम बनतोय. तो तपासतात शेजारच्या टेबलावरच्या शिंदखेड्याच्या बाई. त्या प्रोग्रामला खोटी तारीख देतात, "चला भाऊ, दिवाळी आली," म्हणतात, आणि डबा उघडण्याआधी न चुकता आजच्या तारखेवर परत येतात.

परवा प्रोग्रामने ढीगभर अर्ज बनावट ठरवले, कारण सगळ्यांची जन्मतारीख एक जून. मीही मान डोलावली. बाई उसळल्या, "अहो, शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांचीच सरळ एक जून लिहायचे! बठ्ठा गावना वाढदिवस एक जूनलेच शे. मना आबाना बी!"

तो नियम त्यांनी काढायला लावला आणि तारीख एक जूनवर नेली. पासष्टी गाठलेल्यांचे अर्ज एकामागून एक मंजूर होत गेले. बाईंनी डबा उघडला, तरी स्क्रीनवर एक जूनच होता.