आवाजाला बूड पाहिजे

शालन जगताप माणूस बघायची ती डोळे मिटून. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर माझ्या डाव्या हाताला तिची खुर्ची होती. पलीकडून पुरुषाचा आवाज आला की हिचे डोळे मिटलेच. कॉल जोडून झाला की डोळे उघडायची आणि मला निकाल सांगायची. "ह्याच्या आवाजाला बूड न्हाई." किंवा, "वकील असंल, पन बायकोला भितो." क्वचित कधीतरी ती काहीच न बोलता नुसता पदर सारखा करायची. तेव्हा समजायचं की आवाज खर्जातला होता.

बोर्डावर ती इतकं शुद्ध बोलायची की पुण्याच्या ऑपरेटर तिला पुण्याचीच समजत. हेडफोन उतरवला की कोरेगाव तालुका सुरू. तिचे वडील, अण्णा, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. उसाची जमीन, घरात रेडिओ, आणि लेक नोकरी करते याचा त्यांना अभिमान. शालन आणि मी गावभागात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. स्वयंपाक ती करायची, कारण माझा तिला गिळवत नसे. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

तिच्यासाठी स्थळं बघणं चालूच होतं. तेव्हा बघण्याच्या कार्यक्रमात मुलानं तोंड उघडायची पद्धत नव्हती. मामा बोलणार, चुलता बोलणार, मुलगा पोह्यांकडे बघत बसणार. इस्लामपूरच्या साखर कारखान्यातला एक केमिस्ट असाच येऊन बसला होता. सगळं जुळत आलं होतं. शालन चहाचा ट्रे ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, बोला की कायतरी." बैठकीत सगळ्यांचे कप हवेत थांबले. तो बिचारा म्हणाला, "काय बोलू?" एवढ्यावर स्थळ मोडलं. अण्णा तिच्यावर खवळले, "बूड न्हाई म्हंजे काय? मानूस हाय का घागर?"

अशात माधवनगरहून एक कॉल आला. "नैरोबी पाहिजे," असं इंग्रजीत, सावकाश, आणि इतक्या खालून आलं की शालनचा हात पदराकडे जाता जाता कॉर्ड निसटली. तिथल्या एका कापडवाल्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता तो. नाव डॅनियल. परदेशचा कॉल मुंबईमार्गे लागायचा, म्हणजे बहुधा लागायचाच नाही. शालन त्याला आपणहून फोन करून सांगू लागली की कॉल अजून लागलेला नाही. थोड्या वेळानं पुन्हा, की अजूनही नाही. असं करणारी दुसरी ऑपरेटर मी तरी पाहिली नाही. शेवटी, इतकं सौजन्य कोण दाखवतंय ते बघायला तो स्वतःच एक्स्चेंजच्या दारात आला.

उंच, किडकिडीत, जाड चष्म्याचा, काळाभोर मुलगा. शालन आत येऊन माझ्याजवळ बसली. "काळा हाय गं."

"तू तरी कुठं गोरी?" मी म्हटलं.

"तसलं काळं न्हवं." तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग तिचा चेहरा उजळला. "बरोबर हाय की! त्या लोकांचा आवाज असलाच असनार. जंगलात लांबनं हाका माराय लागत असतील."

हे तिनं पुढे त्याला कौतुक म्हणून सांगितलंसुद्धा. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला की त्याचे वडील रेल्वेच्या हपिसात कारकून आहेत, जन्म शहरातला, आणि जंगल त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या सहलीत, महाबळेश्वरला. तिथं माकडानं त्याच्या हातातली पिशवी ओढली तेव्हा तो गाडीत जाऊन बसला तो सहल संपेपर्यंत उतरला नाही. हे सगळं त्यानं मराठीत सांगितलं. मराठी तो घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिकला होता, त्यामुळे "लय तिखट" आणि "आवं काकू" हे त्याच्या तोंडी पक्कं बसलं होतं. व्याकरण माझ्यापेक्षा बरं होतं.

ते भेटू लागले. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, आणि सोबतीला मी. एकटीनं भेटणं शक्यच नव्हतं, आणि मी दोन पायऱ्या खाली भडंग खात बसले की लोकांना वाटायचं, असेल काहीतरी अभ्यासाचं. तो बोलायचा, शालन डोळे मिटून ऐकायची. यंत्रांबद्दल बोलायचा, खोलीवरच्या पाण्याबद्दल बोलायचा, आणि हिच्या चेहऱ्यावर कीर्तन ऐकल्यासारखा भाव. एकदा त्यानं मध्येच विचारलं, "मी आता काय बोललो?" शालनला सांगता येईना.

तेव्हा तो चिडला. मी त्याला चिडलेला तेवढाच पाहिला. "गणपती मंडळानं मला देखाव्यात राक्षस करून बसिवलं," तो म्हणाला. "मला वाटलं मान हाय. दोन वर्सं बसलो. मग कळलं, रंगाचा खर्च वाचला म्हून बसिवलं. कॉलेजात सर म्हनत्यात, पळ, तुमची लोकं पळत्यात. मला दम लागतो. आनि तुला माझा आवाज पायजे. मग ह्यात मी कुठं हाय, शालन?"

 

मग त्यानं जे ठरवलं ते फक्त त्यालाच सुचू शकतं. आठवडाभर तो घाटावर येणार, पण बोलणार नाही. आठवडा संपला की तिनं सांगायचं, आवाजाशिवाय तो तिला हवा आहे का.

पहिल्या संध्याकाळी शालननं एकटीनंच दोघांचं बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचे विषय संपले. पुढे पुढे दोघं नुसतेच बसू लागले. तो आला की रुमालानं पायरी पुसायचा, आधी माझी, मग तिची. भडंगातले शेंगदाणे वेचून तिच्या पुढ्यात ठेवायचा. तिला शेंगदाणे आवडत नसत, तरी ती ते खायची. एक म्हातारी धुण्याचं ओझं घेऊन चढत होती तर त्यानं उठून ते घेतलं आणि वरपर्यंत पोचवून आला. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं आणि आपले कपडे मोजून घेतले. तो परत येऊन बसला, चष्मा पुसला, आणि नदीकडे बघत राहिला. मला त्या क्षणी तो फार आवडला, हे सांगायला हरकत नाही.

आठवड्याच्या शेवटी खोलीवर परतताना शालन म्हणाली, "आवाज काढून घेतला तर मानूस लय कंटाळवाना हाय गं." मी मनात म्हटलं, संपलं. "आनि तरी दुपार झाली की मला घाटाकडं जावंसं वाटतंय," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात रडायला लागली. शालनला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

हेच तिनं दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, आणि दोघांनी लग्नाचं ठरवलं. तिकडे डॅनियलच्या वडिलांनाही कळवायचं होतं. तो कॉल शालननंच जोडला. वडिलांनी विचारलं, मुलीच्या बापाचं दुकान कसलं आहे? हिंदुस्थानी माणूस म्हणजे दुकानदार, आणि दुकानदार म्हणजे वजनात मारणार, हे त्यांचं ठाम मत. शालननं लाइनवरच शुद्ध इंग्रजीत सांगितलं की दुकान नाही, ऊस आहे, आणि तो कारखान्यात तोलतात, तिथं आम्हालाच मारतात. पलीकडून हसल्याचा आवाज आला. मग लाइन गेली.

गावी मात्र हसण्यासारखं नव्हतं. शालननं डॅनियलला घरी नेलं तेव्हा मला बरोबर घेतलं. सोप्यात घोंगडीवर अण्णा, शेजारी तिचे चुलते तात्या, दारात अर्धं गाव. अण्णा लढाईत ब्रह्मदेशाला होते, तिथं त्यांनी आफ्रिकेच्या पलटणी पाहिल्या होत्या. "लय दनकट गडी," ते म्हणाले. "तुमच्या वडलांची पलटन कुठली?" वडील कारकून आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. जावई काळा असल्याचं त्यांनी मनाशी कसंबसं जुळवत आणलं होतं, कारकुनाचा असेल हे ध्यानात आलं नव्हतं.

तात्या त्याच्यासमोरच म्हणाले, "हबशाला पोरगी दिली तर भावकी दारात हुबी ऱ्हाईल का?"

"आवं तात्या, मराठी कळतं मला," डॅनियल म्हणाला.

तात्या दचकले, पण सावरले. "मग सांगा, तुमच्यात पोटजात कुठली?" डॅनियलनं सांगितली. "त्यात वरची का खालची?" त्यानं विचार करून उत्तर दिलं की आमचे लोक म्हणतात आम्ही वर, शेजारचे म्हणतात ते वर. "म्हंजे हितल्यासारखंच हाय," तात्या म्हणाले. पण मान हलवली ती नकाराची.

सगळं अण्णांवर येऊन थांबलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर शालन पळून गेली नसती. ती अण्णांची लेक होती, हे मला ठाऊक होतं आणि डॅनियललाही. त्याचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

अण्णांनी लेकीला समोर बसवलं. "काय बघितलंस ह्याच्यात? खरं सांग. आवाजच न्हवं?"

"आवाजच व्हता, अण्णा," शालन म्हणाली. "आता सवय झाली. ऐकू येत न्हाई."

"मग ऱ्हायलं काय?"

शालननं डॅनियलकडे बघितलं. डोळे सताड उघडे ठेवून बघितलं. "ह्यो ऱ्हायला."

अण्णा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग आतल्या बाजूला मान वळवून म्हणाले, "वाढाय घ्या." तात्या जेवायला थांबले नाहीत. लग्नालाही आले नाहीत. अण्णा आले, कोटावर सगळी पदकं लावून.

शालन नैरोबीला गेली आणि तिथंच संसार केला. तिच्या खुर्चीवर आलेल्या मुलीशी मी महिनाभर धड बोलले नाही. तिचा काही दोष नव्हता. पुढे खूप वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावर, एका सकाळी घरी फोन वाजला. "ताई, शालन गेली," डॅनियल म्हणाला. आजार कुठला, शेवटी ती काय म्हणाली, मुलं कशी आहेत, सगळं त्यानं सावकाश सांगितलं. त्यातला शब्दन् शब्द मला अजून आठवतो.

त्याचा आवाज कसा होता, तेवढं मला काही केल्या आठवत नाही.