पायरीवरचा गाळ

पन्नासच्या दशकात मी रेल्वेच्या छोट्या लाईनीवर, रूळ राखणाऱ्या गँगचा मुकादम होतो. मूल आणि चांदा या गावांच्या मधल्या जंगलात एक टेकडी कापून रूळ नेलेले. त्या कटिंगच्या दोन्ही भिंती भुसभुशीत मुरमाच्या; पावसाळ्यात कधी सुटतील सांगता येत नसे. गँगमध्ये मी धरून आठ माणसं. सकाळी वहीत कामं लिहायची, झालं की खूण करायची, ही माझी पद्धत.

रुळाच्या कडेला पाण्याची नाली होती. तिच्यातला गाळ घमेल्यांनी कटिंगबाहेर नेऊन टाकायचा असा नियम. त्या आठवड्यात माणसं थकली होती. भिंतीत छातीच्या उंचीवर एक पायरी काढलेली होती, तिच्यावरच त्यांनी फावड्यानं गाळ भिरकावला. मी पाहिलं. नाली साफ दिसत होती. मी खूण केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरीवर सर आली आणि तो गाळ भिंतीचा मुरूम घेऊन खाली कोसळला. नालीत उभा असलेला आमचा एक गँगमन छातीपर्यंत गाडला गेला.

गाडीची वेळ जवळ आली होती. मी आधी दोघांना लाल झेंडी आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके देऊन दोन दिशांना पळवलं.

"ते दोघं कुठी चालले?" गाडल्या गेलेल्यानं विचारलं.

"गाडी थांबवाले."

"मी इथी मरून राह्यलो, आन तुमाले गाडीची पडली!"

"गाडीच्या हादऱ्यानं वरचं सारं खाली आलं, तं तू बी जाशीन आन आमी बी."

आम्ही पाच जण उरलो. फावडं चालवलं तर त्याच्या पायाला लागणार, म्हणून हातांनी उपसू लागलो. जेवढं काढावं तेवढं वरून घसरून येई. तेव्हा कडेला रचलेले, रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आणले, त्याच्या पाठीमागं आडवे लावले आणि सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, ठोकून अडवले. माती थांबली.

एक म्हातारा गँगमन त्याच्या कमरेजवळचा चिखल काढता काढता म्हणाला, "रोज कुरकुरत होता, उभ्यानं कमर दुखते म्हून. आता बस म्हनलं तरी बसता येते का?"

गाळात अडकलेला तो हसला. मग एकदम रडायला लागला. "भाऊ, घरी सांगजा..."

"घरी तूच सांगजो," मी म्हटलं.

त्याचा पाय एका दगडाखाली होता. सब्बलीनं दगड उचलला, दोघांनी काखेत हात घालून ओढलं. तो बाहेर आला तेव्हा घोटा भलतीकडे वळलेला होता.

आमच्या लाईनीचे साहेब रुळावरच्या ट्रॉलीनं आले. माती कशी पडली, विचारलं. मी तोंड उघडायच्या आत जमिनीवर पडलेला तोच बोलला, "डोंगर आला साहेब. डोंगराले कोन थांबवते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

तो दोन महिन्यांनी लंगडत कामावर आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मले दुसऱ्या गँगमंधी धाडा, भाऊ. इथी जीव घाबरते."

बदलीला कारण लागतं. भीती लिहिली तर डॉक्टर त्याला नापास करणार, म्हणजे नोकरी गेली. गाळ पायरीवर टाकला होता हे खरं लिहिलं तर माझी आणि खोटं सांगितलं म्हणून त्याचीही. त्यानं मला वाचवलं होतं, आणि त्यामुळेच मी त्याला तिथून काढू शकत नव्हतो.

एवढंच करता आलं: त्याला कटिंगच्या तोंडाशी झेंडी घेऊन उभं केलं. पण आमची राहायची चाळ कटिंगच्या दुसऱ्या तोंडापलीकडे. एका अंगाला भरलेला नाला, दुसऱ्या अंगाला दाट रान. दुसरी वाट नव्हती. सकाळ-संध्याकाळ त्याला त्यातून जावंच लागे. तो रुळांच्या मधोमध एकेक स्लीपर पाहत चाले, आणि मी त्याच्या शेजारून, भिंतीकडच्या बाजूनं.