नावांनंतरचं एक मिनिट

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पुढे, डाव्या हाताला एक लांबट खोली आहे. तिथे रक्त तपासलं जातं. त्या खोलीत सव्वीस वर्षं काढलेल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंची शिस्त अशी, की यंत्राने दिलेला आकडा मनाला पटला नाही तर त्या तो कागदावर उतरू देत नसत. मग वॉर्डातून फोनवर फोन येवोत, वरून डॉक्टर ओरडोत. "आकडा माझ्या सहीने जातो," एवढंच त्या म्हणत आणि सूक्ष्मदर्शकावर वाकत.

याच बाई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत कोरियन अद्भुत मालिकांची परीक्षणं लिहीत, हे रुग्णालयात फार थोड्यांना ठाऊक होतं. सदराखाली 'प्रेक्षक' एवढीच सही असायची. सहा वर्षांपूर्वी घोटा मोडून दीड महिना घरी बसावं लागलं, तेव्हा हा नाद लागला. हजार वर्षं जगणारे देव, मेलेल्यांना पत्र पोचवणारे टपालवाले, आरशातून येणारी राजकन्या. पहिल्या आठवड्यात त्या हसल्या, दुसऱ्यात वही घेऊन बसल्या आणि बरं होता होता त्यांनी पुरवणीच्या संपादकाला एक परीक्षण पाठवून दिलं. तेव्हापासून अडुसष्ट झाली होती.

त्यांचं परीक्षण इतरांपेक्षा वेगळं असे. नट देखणा, कपडे सुंदर, असलं त्यात काही नसायचं. वहीत तीन रकाने: नियम, माणसं, शेवट. त्या एकदा लिहून गेल्या होत्या, "देवदूत शेवटच्या भागात उडाला तर माझी तक्रार नाही. पण त्याला पंख आहेत हे दुसऱ्या भागात सांगायला हवं होतं." वाचक अशा वाक्यांसाठी पुरवणी उघडत. खोटी दुनिया आपल्याच नियमांना जागली पाहिजे, यावर बाई तसूभरही ढिल्या पडत नसत. सहा मालिकांना तर त्यांनी सरळ 'अर्धवट' म्हणून निकालात काढलं होतं.

मात्र तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या हातून एक चूक झाली. जुळ्या भावांपैकी मरतो कोण आणि उरतो कोण, याची परीक्षणात अदलाबदल झाली. संपादकाला वरून बोलणी खावी लागली. त्याने बाईंना फोन करून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, आणखी एक असं झालं की सदर माझ्या हातात राहणार नाही. छोटे व्हिडिओ करणारी एक मुलगी त्या जागेसाठी वर चकरा मारते आहे." बाईंनी कानाला खडा लावला. पुढची दोन परीक्षणं पाठवण्याआधी त्यांनी तीन तीनदा वाचली.

तो गुरुवार होता. पुरवणीचं पान गुरुवारी साडेपाचला बंद होई. एकोणसत्तरावं परीक्षण बाईंनी दुपारी तीनलाच पाठवलं होतं. मालिका एका वाघाची होती. तीनशे वर्षांचा वाघ माणसाच्या रूपात एका उंच इमारतीचा रखवालदार होऊन राहतो. कोणी आपली एखादी आठवण त्याला कायमची दिली, तर बदल्यात तो त्या माणसाच्या जिवलगाचं मरण टाळतो. नायिका कुलूप-किल्ल्यांचं दुकान चालवते. तिच्या लहानपणी तिचा जीव वाचावा म्हणून आईने लेकीचीच सगळी आठवण वाघाला देऊन टाकलेली असते. अकराव्या भागात ही आई बर्फातून चालत निघून जाते आणि पुन्हा दिसत नाही. बाईंना त्याचा संताप आला होता. मथळा त्यांनी स्वतःच दिला होता, 'लेखिका आईला विसरली'. दोन तारे.

चार वाजून दहा मिनिटांनी नणंदेचा फोन आला. नवऱ्याची ही मोठी बहीण, वैधव्य आल्यापासून त्यांच्याकडेच राहायची. लग्नानंतर बाई तिला थट्टेत जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणू लागल्या आणि मग तेच नाव घरात रुळलं.

"काय परीक्षकबाई, कामात आहात का?"

"वन्सं, लवकर बोला. यंत्र चालू आहे."

"तुझ्या त्या वाघोबाच्या मालिकेतली आई सापडली गं."

"कुठली आई?"

"कुठली म्हणजे? किल्लीवालीची. आत्ता दार उघडलं तिनं. मी चक्क रडले. मटार तसेच राहिलेत सोलायचे."

"ती अकराव्या भागात जाते वन्सं, परत येत नाही. मी सोळाच्या सोळा भाग पाहिलेत."

"मग मी काय स्वप्न पाहिलं? नावं संपली की येते ती. दर वेळी येते, मिनिटभर. तू नावं बघत नाहीस?"

"नावं कोण बघतं?"

"मी बघते. हात मटारात, रिमोट कोण शोधत बसणार. आणि एवढ्या लोकांनी काम केलंय, त्यांच्या नावांपुरतं बसायला आपलं काय जातं?" वन्सं म्हणाल्या. "तू पाठवलंस का गं लिहून?"

बाईंनी 'नंतर बोलते' म्हणून फोन खिशात टाकला.

बाई मालिका फोनवर बघत. जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत खोक्यांवर बसून, आणि येता-जाता बसमध्ये. भाग संपून नावं सुरू झाली की पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उमटे, पाचपासून आकडे उलटे मोजी आणि पुढचा भाग, किंवा तो शेवटचा असेल तर दुसरीच मालिका, सुरू होई. बाईंना ती सोय वाटायची. घरच्या टीव्हीवर ती बंद करून ठेवलेली होती, कारण न विचारता पुढचा भाग सुरू झालेला वन्संना खपत नसे.

त्यांनी खिशातून फोन काढला. अकरावा भाग शेवटाकडे ओढला, चौकट उमटताच ती बोटाने बाजूला सारली. काळ्या पडद्यावरून नावं वर सरकू लागली. ती संपता संपेनात. मग बर्फ दिसलं. आई दिसली. तिच्या हातात एक किल्ली होती आणि ती एका अनोळखी दाराला लावून बघत होती.

तेवढ्यात खिडकीवर नळी आली. शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घ्यायच्या रुग्णाचं रक्त, तातडीचं. बाईंनी फोन पालथा ठेवला आणि नळी यंत्रात लावली. प्लेटलेट एकेचाळीस हजार. इतक्या कमी आकड्यावर कोणी सुरी लावणार नाही. फोन वाजलाच.

"बाई, किती?" शस्त्रक्रियेच्या खोलीतून डॉक्टर विचारत होते.

"आकडा देत नाही अजून."

"म्हणजे काय? यंत्रावर आला असेल ना?"

"आलाय. मला पटत नाही. दहा मिनिटं द्या."

"बाई, इथे सगळे हातमोजे घालून उभे आहेत."

"उभे राहू द्या," बाई म्हणाल्या आणि काचेवर थेंब पसरवला.

घड्याळात चार पस्तीस झाले होते. काच वाळेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच जड गेलं. डोळे सारखे पालथ्या फोनकडे जात होते. काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर त्या मधला भाग सोडून कडेकडे सरकल्या. प्लेटलेट एकमेकींना चिकटून घोळक्याने बसल्या होत्या. यंत्राने घोळके मोजलेच नव्हते. रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या बुचाच्या नळीत जे औषध असतं, त्याने काही रुग्णांचं असं होतं. त्यांनी वर फोन करून निळ्या बुचाच्या, वेगळ्या औषधाच्या नळीत नवं रक्त मागवलं.

ते येईपर्यंत बाराव्यापासून सोळाव्या भागापर्यंतची शेवटची मिनिटं त्यांनी उभ्यानेच पाहिली. आई दारोदार फिरत होती. किल्ली कशाची, आपल्याकडे कुठून आली, तिला काहीच आठवत नव्हतं. सोळाव्यात एका दाराला किल्ली लागली. दार उघडलं. आत किल्लीवाली मुलगी उभी होती. आईने तिला ओळखलं नाही. मुलीनेही ओळख सांगितली नाही, फक्त बाजूला झाली आणि म्हणाली, "आत या. बाहेर थंडी आहे."

दिलेली आठवण परत येत नाही, हा वाघाचा नियम शेवटपर्यंत मोडलेला नव्हता. सहा वर्षं बाई ज्याच्यासाठी लोकांशी भांडत आल्या होत्या, तेच या लेखिकेने करून दाखवलं होतं. आणि त्यांनी दोन तारे देऊन तिला विसराळू ठरवलं होतं.

दुसरी नळी आली. प्लेटलेट एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार. बाईंनी पुन्हा एकदा काच पाहिली, अहवालावर सही केली, वर कळवलं. पाच वाजून नऊ मिनिटं. त्यांनी संपादकाला फोन लावला.

"मॅडम, लेख झकास. मथळा तर काय झणझणीत दिलाय."

"तो लावू नका."

बाईंनी एका दमात सगळं सांगितलं.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "मी म्हटलं काय झालं. आईचा परिच्छेद काढा, दोन ताऱ्यांचे चार करा, मथळा मी बदलतो. वीस मिनिटं आहेत. कोणाला कळणार आहे?"

"आणि आधीचे सहा?"

"कुठले सहा?"

"सहा मालिकांना मी अर्धवट म्हटलंय. त्यांचंही शेवटचं मिनिट मी पाहिलेलं नाही. अडुसष्टांपैकी एकाचंही नाही."

"अहो, ते आता कोण उकरून काढणार?"

"मीच काढते आहे."

"मॅडम, मी स्पष्ट बोलू का?" त्याचा आवाज उतरला. "जुळ्या भावांच्या वेळी वर तुमच्यासाठी मी शब्द टाकला होता. आता तुम्हीच म्हणताय, की सहा वर्षं मालिका पूर्ण न बघता लिहिलं. हे छापलं तर सदर संपलं. मी धमकी देत नाही, जे होणार ते सांगतोय."

"माहीत आहे मला."

"मग गपचूप चार तारे द्या ना."

बाईंनी खुर्ची ओढली आणि तशाच उभ्या राहिल्या. सोपं होतं. एक परिच्छेद काढायचा. वन्संनाही पटलं असतं, उलट त्यांना मान मिळाल्यासारखं वाटलं असतं. पुढच्या महिन्यापासून नावांनंतरही बसायचं, झालं. महिन्याचा पहिला शनिवार उजाडला की पेपर घरात येण्याआधीच आपण जिन्यात जाऊन उभ्या राहतो, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. तो शनिवार गेला तर आपल्याकडे काय उरतं, याचा विचार त्यांनी सुरू केला आणि मधेच थांबवला. घड्याळ पाच सतराची वेळ दाखवत होतं.

"तेवढीच जागा ठेवा," त्या म्हणाल्या. "साडेपाचच्या आत पाठवते."

"कुठलं पाठवताय?"

"आल्यावर बघा."

त्यांनी अहवालाच्या कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. पहिली ओळ जमेना. 'वाचकांची क्षमा मागून' असं लिहिलं आणि खोडलं. मग काय घडलं तेच लिहिलं: मी या मालिका फोनवर पाहिल्या, नावं सुरू होताच फोन पुढचा भाग लावत असे, त्यामुळे नावांनंतर येणारा प्रसंग मी एकदाही पाहिलेला नाही. आज माझ्या नणंदेने मला त्याबद्दल सांगितलं. त्यानंतर वाघाची मालिका, आई, किल्ली. मग सहा मालिकांची नावं, कुठल्या महिन्यात काय म्हटलं होतं त्यासकट. 'या सहांवरची माझी मतं मी मागे घेते. पूर्ण पाहून झाल्यावर काय दिसलं ते कळवीन.' तारे त्यांनी दिलेच नाहीत. संपादकाला अक्षर लावत बसावं लागू नये, म्हणून सगळं पुन्हा फोनवर टाइप केलं. पाच सत्तावीसला पाठवलं.

पाच एकतीसला उत्तर आलं. 'लावलं. पुढच्या महिन्यापासून जागा त्या मुलीकडे. वाईट वाटतं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात टाकला.

घरी वन्संनी दार उघडलं तेव्हा त्यांना तोंडावरूनच समजलं. "सदर गेलं का गं?"

"गेलं."

"मी उगाच फोन केला."

"माहीत असून केला नसता तर तुमच्याशी बोलले नसते," बाई म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.

पुढचे पंधरा दिवस संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर बसल्या आणि त्या सहा मालिकांच्या प्रत्येक भागाचा शेवट नावं संपेपर्यंत बघितला. सहांपैकी चार मालिकांना नावांनंतर मिनिट होतं. उरलेल्या दोन मालिकांच्या शेवटी नुसता काळा पडदा होता. चारांतल्या एकीत ते मिनिट धरूनही गोष्ट अर्धवटच राहत होती. बाईंनी तसंच्या तसं लिहिलं, कुठे आपलं चुकलं आणि कुठे चुकलं नाही, आणि वाचकांच्या पत्रांसाठी असलेल्या पत्त्यावर पाठवायला घेतलं.

"आता कशाला लिहितेस?" वन्सं म्हणाल्या. "सदर तर गेलं."

"सदर गेलं वन्सं. छापलेलं तसंच आहे ना अजून."

वन्संनी मान हलवली आणि रिमोट त्यांच्याकडे सरकवला. बाईंनी पत्र पाठवून दिलं, मग वही उघडली आणि उरलेल्या बासष्टांची यादी करायला घेतली.